यादीत ३१, वर्गात ४

आदरणीय बाई,

मी किसननगरात राहते. आमच्या महिला मंडळाने जुलैपासून वस्तीतल्या १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी शिवणक्लास सुरू केला. पूर्ण मोफत. शाळा-कॉलेज सांभाळून यावं म्हणून वेळ संध्याकाळी ५ ते ७. जागा एका ओळखीच्या उद्योजकांनी दिली, वागळे इस्टेटमधला गाळा आहे, वस्तीपासून चालत पंधरा मिनिटं. सहा मशीन आहेत, शिक्षिका अनुभवी आहेत, शेवटी मंडळाचं प्रमाणपत्र. नावं नोंदवली तेव्हा ३१ मुली होत्या. गणपतीनंतर १२ राहिल्या, दिवाळीपर्यंत ४. विचारलं तर म्हणतात, "नाही जमत," नाहीतर "कंटाळा येतो." एक मुलगी तर शिवायचं सोडून बंद पडलेल्या मशीनची मोटर उघडून बसली होती. मी ओरडले, तर दुसऱ्या दिवसापासून तीही आली नाही. आता एक देणगीदार आणखी मशीन घ्यायला ८० हजार रुपये देत आहेत. मंडळातल्या बायका म्हणतात, मुलींना मोबाइल सोडून कशातच रस नाही, त्यापेक्षा क्लास मोठ्या बायकांसाठी चालवू. मलाही तसंच वाटायला लागलंय, पण मन तयार होत नाही. मुलींना खरंच रस नसतो का? की आमचंच काही चुकतंय?

मंडळाची एक कार्यकर्ती, ठाणे

ताई,

आधी व्यवहाराचं सांगते. ते ८० हजार एवढ्यात मशीनमध्ये घालू नका. मशीन आली की ती धूळ खात पडू नयेत म्हणून शिवणक्लासच चालवावा लागतो, आणि मग मुलींना काय हवंय हे विचारायची वाटच बंद होते. देणगीदारांकडून फेब्रुवारीपर्यंत मुदत मागून घ्या. मनापासून देणारा माणूस दोन-तीन महिने थांबतो.

आता तुमचा प्रश्न. ३१ मुलींनी नावं घातली तेव्हा त्यांना कुणी हाताला धरून आणलं नव्हतं. या वयाची मुलगी नको असेल तिकडे फिरकतसुद्धा नाही, हे तुम्हीही जाणता. म्हणजे जुलैत रस होता. पुढच्या चार महिन्यांत तो कुठे गळत गेला, ते शोधायला हवं. त्याचा एक माग तुमच्या पत्रातच आहे, मला तो तिसऱ्यांदा वाचताना दिसला. जुलैच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सव्वासातला मावळतो. क्लास सुटायचा तेव्हा बाहेर उजेड असायचा. गणपतीच्या सुमाराला साडेसहा-पावणेसात होतात. दिवाळीत सहालाच दिवस बुडतो. तुमची ३१, १२ आणि ४ ही हजेरी मावळतीच्या मागोमाग उतरत गेली आहे.

असं एकाच कारणावर सगळं घालणं बरोबर नाही, मुलींना विचारून खात्री तुम्हीच करा. पण वागळे इस्टेटची संध्याकाळ मी ओळखते. एमआयडीसीची ही अगदी सुरुवातीची, १९६२ सालची वसाहत. रस्ते ट्रक वळतील अशा बेताने आखलेले. कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या, तरी आतल्या गल्ल्यांत सातनंतर शटर ओढलेले गाळे, ओळीने लावलेले टेम्पो आणि एखादी पानटपरी एवढंच असतं. तुम्ही-मी तिथून पिशवी हलवत निघून जाऊ. सोळा वर्षांच्या मुलीला त्या टपरीसमोरून जाताना काय ऐकावं लागतं, हे ती तुम्हाला सांगणार नाही. घरीही सांगणार नाही, कारण सांगितलं तर घरातून एकच उत्तर येतं: "मग जाऊ नको." क्लासच नाही, उद्या कॉलेजही बंद होईल या भीतीने ती "कंटाळा येतो" म्हणते. "कंटाळा येतो" हे मुलींचं सगळ्यात सुरक्षित उत्तर आहे. त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

हे मला कळायला फार उशीर झाला. मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन ट्रेडची शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारी शिक्षिका, होते. नोकरीत असतानाच एकदा मे महिन्याच्या सुट्टीत तुर्भ्यातल्या मुलींसाठी घरगुती वायरिंगचा वर्ग घेतला. पहिले दोन आठवडे वस्तीतल्या समाजमंदिरात बसायचो. जागा अपुरी, पंखा एकच, तरी वीस मुली यायच्या. मग ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे एक मोठा हॉल फुकट मिळाला. टेबलं होती, फळा होता, पंखे होते. मी हौसेने वर्ग तिकडे हलवला. आठवड्यात पाच मुली उरल्या. मी चिडले. मुली चंचल आहेत, फुकटची किंमत नाही, असं चारचौघांत बोललेही. शेवटी एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, इकडे होता तोवर पोरगी माझ्या नजरेत होती. रस्ता ओलांडला की पलीकडे आमचं कोण आहे?" त्या हॉलपर्यंत जेमतेम दहा मिनिटं लागायची. मी अंतर मिनिटांत मोजत होते आणि ती बाई माणसांत मोजत होती. वर्ग परत समाजमंदिरात आणला, पण गेलेल्या मुलींपैकी निम्म्या पुन्हा आल्याच नाहीत. त्याची टोचणी मला अजून आहे.

पुढे वाचनात आलं की पाकिस्तानातल्या पंजाबात अर्थशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट मोजली आहे. खेड्यांतल्या बायकांना शिवणकामाचं प्रशिक्षण देऊ केलं होतं. शिकायची इच्छा आहे असं त्या आधीच सांगत होत्या. काही गावांत केंद्र गावातच उघडलं, काही गावांतल्या बायकांना शेजारच्या गावी जावं लागे. जिथे केंद्र गावात होतं, तिथे नाव घालून शिक्षण पुरं करणाऱ्या बायका बाकीच्या गावांच्या चौपटीहून जास्त निघाल्या. त्यातही किलोमीटर किती यापेक्षा गावाची वेस ओलांडावी लागते की नाही, यानेच निम्म्याहून जास्त फरक पडत होता. सगळ्याजणींना एकत्र नेणारी-आणणारी भरवशाची गाडी ठेवल्यावर तो फरक बराच भरून निघाला. किसननगरला वेस दिसत नाही, पण ती आहे. तुमच्या मुलींना ती ठाऊक आहे, त्यांच्या आयांनाही. तुमचा गाळा त्या वेशीबाहेर आहे.

म्हणून पहिलं काम जागेचं. वस्तीतलीच जागा बघा. अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते का, देवळाचा सभामंडप मिळतो का, एखाद्या इमारतीच्या सोसायटीचं ऑफिस, काहीही. लहान असू दे. दोन मशीन मावली तरी चालेल, पण ती जागा एखाद्या आईच्या हाकेच्या टप्प्यात हवी. आणि संडास बघा. जागा देणारा माणूस पंखे-दिवे दाखवतो, संडास दाखवत नाही, आणि आपणही विचारत नाही. मी शिकवत होते त्यातल्या एका संस्थेत वर्कशॉपजवळ मुलींसाठी संडासच नव्हता. पहिल्या वर्षी वर्गात दोन मुली होत्या. त्या सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. पाळीच्या दिवसांत घरीच राहायच्या, आणि मी हजेरीत लाल शाईने गैरहजर लिहायचे. त्या काळातल्या माझ्या हजेरीपुस्तकात मुलींचा आळस म्हणून जे दिसतं, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीमुळे आहे.

दुसरं वेळेचं. ५ ते ७ ही वेळ मुलींच्या सोयीची म्हणून तुम्ही ठरवलीत, हेतू चांगलाच होता. पण आई पोळ्यांची कामं करून सात-साडेसातला परत येत असेल, तर ५ ते ७ या वेळात घर कोण चालवतं? पाणी त्याच वेळेला येतं का? धाकट्याला ट्यूशनहून कोण आणतं, कुकर कोण लावतं? या मुली मोकळ्या दिसतात, पण त्यांच्या हातात घराची अर्धी पाळी असते. लायबेरियात २०१० च्या सुमारास अडीच हजारांच्या आसपास तरुण मुलींसाठी एक कार्यक्रम झाला. यादवी युद्धातून नुकताच सावरत असलेला तो देश. वर्ग मुलींच्या वस्त्यांजवळ भरवले, त्यांच्या लेकरांना सांभाळायची सोय केली, आणि सहा महिने शिकवल्यावर पुढचे सहा महिने काम मिळेपर्यंत, धंदा उभा राहीपर्यंत पाठ सोडली नाही. प्रशिक्षण न मिळालेल्या मुलींशी ताडून पाहिलं तेव्हा कामाला लागण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी आणि कमाई ८० टक्क्यांनी वाढलेली होती. मशीन किती होती, हे त्या कार्यक्रमाबद्दल बोलताना कुणी सांगत नाही. लेकरांच्या सोयीची गोष्ट मात्र सगळे सांगतात. तुमच्या मुलींना स्वतःची लेकरं नाहीत, पण कडेवरची भावंडं आहेत. भावंडाला घेऊन आलीस तरी चालेल, कोपऱ्यात चटई टाकून देऊ, एवढं एक वाक्य सांगून बघा. मंडळातल्या एखाद्या आजी त्या चटईवर बसायला आनंदाने येतील.

आता शिवणाबद्दल. शिवणकाम टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या झोपडवस्त्यांमध्ये बायकांना सहा महिने शिवण शिकवलं आणि नंतर माग काढला, तेव्हा शिकलेल्या बायकांमध्ये काम करणाऱ्या वाढल्या होत्या, कमाईही वाढली होती. ज्यांचं घर केंद्रापासून लांब होतं त्या मधेच सुटल्या, तिथेही तीच गोष्ट. ज्या मुलीला कापडात जीव आहे तिने जरूर शिवावं. पण ३१ मुलींना एकच गोष्ट आवडेल हे आपण कशावरून धरलं? मुलींसाठी काही करायचं म्हटलं की आपल्या मनात शिवण, पार्लर आणि मेंदी याच्यापुढे काही येतच नाही. मुलांसाठी क्लास काढला असता तर एकतीसच्या एकतीस जणांना एकच काम शिकवायचं तुमच्या मनातही आलं नसतं.

आणि आता ती मोटरवाली मुलगी. तुमच्या पत्रात तिच्यावर दोनच ओळी आहेत, त्याही तक्रारीच्या. मला मात्र अख्ख्या पत्रात तीच दिसत राहिली. बंद पडलेली मोटर उघडायला तिच्याकडे काय होतं हो? पेचकस तुम्ही दिलेला नसणार. म्हणजे सुरी, कात्री, पाच पैशांचं जुनं नाणं, असलं काहीतरी शोधून तिने ते स्क्रू काढले. तुम्ही ओरडलात ते भीतीने, शॉक लागेल, मशीन बिघडेल म्हणून. मीही ओरडले असते. पण शिवणयंत्राच्या या लहान मोटरीचा कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारा घासता तुकडा, झिजला की ती ठिणग्या टाकते, जळकट वास येतो आणि ती बंद पडते. बहुतेक वेळा कार्बन बदलला की चालू होते. ती मुलगी योग्य जागी हात घालत होती. तुम्ही विचारता की मुलींना खरंच रस नसतो का. ताई, रस तुमच्या समोर मांडी घालून बसला होता.

वीजतंत्री, तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर), यांत्रिक प्रशीतन व वातानुकूलन (एसी-फ्रिज) ही आयटीआयच्या ट्रेडची नावं तुमच्या वस्तीतल्या किती मुलींनी ऐकली असतील? आपल्या वागळे इस्टेटातच सरकारी आयटीआय आहे. सरकारी आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, आणि काही ट्रेडमध्ये त्या भरण्याइतक्या मुली येतच नाहीत. वीजतंत्री आणि एसी-फ्रिजचा ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पास लागतं. तारतंत्री आठवी पासवर मिळतं, तेही दोन वर्षांचं. वेल्डिंग एक वर्षाचं. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतो, दहावीचा निकाल लागला की पाठोपाठ अर्ज सुरू होतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. तिथे आत संगणक असले तरी ते चोवीस तास थंड ठेवायला आणि वीज एक क्षणही जाऊ न द्यायला माणसं लागतात, ती याच ट्रेडमधून जातात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने लेडीज डब्यात बसलं की ऐरोली पहिल्या दोन-तीन स्टेशनांत येतं. हे सगळं आपल्या मुलींच्या दारात आहे आणि त्यांना त्याची गंधवार्ता नाही.

युगांडाच्या राजधानीत, कंपालामध्ये, पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या धंद्यांत उतरलेल्या बायकांचा अभ्यास झाला आहे. वेल्डिंग, गॅरेज, सुतारकाम असले धंदे. शिवण, केशभूषा, खाणावळ अशा बायकी समजल्या जाणाऱ्या धंद्यांतल्या बायकांच्या त्या तिप्पट कमावत होत्या, त्या धंद्यातल्या पुरुषांच्या बरोबरीने. मग बाकीच्या तिकडे का जात नाहीत? तिथे जास्त पैसे मिळतात हेच पुष्कळजणींना माहीत नव्हतं. ज्या गेल्या त्यांना कुणीतरी ते काम जवळून दाखवलेलं होतं, बहुतेक घरातल्या किंवा ओळखीच्या पुरुषाने. केनियात तरुण मुलींना कोणत्या कामात किती कमाई होते हे नुसतं सांगितलं, तर पुरुषी समजल्या जाणाऱ्या ट्रेडकडे कल दाखवणाऱ्या मुली वाढल्या. ट्रेडमध्ये प्रत्यक्ष नाव घालणाऱ्याही वाढल्या, पण तेवढ्या नाही. सांगण्याने मन वळतं, पाऊल उचलायला सोबत लागते.

माझ्या वर्गात आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीमागे अशी एखादी सोबत होती. कुणाचे वडील लाइनमन, कुणाचा मामा मोटर रिवाइंडिंगवाला. लहानपणी त्याच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत बसलेली ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिला मी काही नवं शिकवलं असं मला वाटलं नाही. तुमची मोटरवाली कुणाच्या शेजारी बसून हे शिकली, ते विचाराच. तिच्या घरात किंवा शेजारी एक माणूस निघेल, आणि तोच तुमच्या कामाला येईल.

एक कडू गोष्ट सांगायला हवी. मुली कधी कधी क्लास सोडतात कारण त्यांना कळलेलं असतं की त्याचा उपयोग नाही. विकसनशील देशांतल्या अशा प्रशिक्षणांचा एकत्र हिशोब २०१७ साली मांडला गेला. शंभर जणांना शिकवलं तर एरवी काम मिळालं नसतं अशा दोन-तीन जणांनाच ते शिक्षणामुळे मिळतं, असं त्यातून दिसलं. मंडळाचं प्रमाणपत्र मोठ्या बहिणीने तीन वर्षांपूर्वी भिंतीवर लावलेलं असतं आणि बहीण घरातच असते. धाकटी ते रोज बघते. तिला आळशी कसं म्हणायचं? म्हणून मंडळाच्या कागदावर भर देऊ नका. तुमचा वर्ग हा उंबरठा असू द्या. तिथे मुलीने चार कामं हाताळून बघावीत आणि जे आवडेल त्याच्या खऱ्या शिक्षणाकडे जावं, ज्याचं प्रमाणपत्र कारखान्याच्या गेटवर चालतं. ज्यांची दहावी झाली नाही त्यांना दहावीकडे वळवणं हेही त्यातच आलं. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत जाता येतं, विद्यावेतन मिळतं. मात्र "पोरीला काम शिकवतो, पाठवून द्या," असं म्हणणाऱ्या कुणाच्याही वर्कशॉपवर अठराच्या आतल्या मुलीला पाठवू नका. कायद्याने धोक्याच्या कामावर १८ वर्षांखालच्या मुलांना ठेवता येत नाही, आणि शिकवणं म्हणून फुकट राबवून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

युगांडातलीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथे ब्रॅक या संस्थेने १४ ते २० वयाच्या मुलींसाठी गावोगाव क्लब काढले. आठवड्यातून पाच दिवस, शाळा सुटल्यावर उघडे. खेळायचं, गप्पा मारायच्या, शरीराबद्दल आणि लग्नाबद्दल बोलायचं, आणि त्यातच हातचं कामही शिकायचं. चालवणारी मुलगी त्यांच्याहून थोडीच मोठी, त्याच गावातली. तिथेही दर पाच मुलींमागे एखादीच सामील झाली, सगळ्या नाहीत. तरी चार वर्षांनी त्या गावांमध्ये कमावत्या मुलींचं प्रमाण जवळजवळ दीडपट झालं, आणि लहान वयात आई होणाऱ्या मुली एक तृतीयांशाने घटल्या. टांझानियात हेच क्लब काढले तेव्हा पैसा आणि बसायला धड जागा नव्हती, तिथे असा काही फरक पडला नाही. जागेचं मी इतकं का घोळवते आहे, ते कळलं असेल.

लहान वयातल्या लग्नाचं मुद्दाम सांगते, कारण ही भीती आपल्यालाही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दहावी-बारावीनंतर घरी बसलेली मुलगी दिसली की नातेवाइकांना स्थळं आठवतात. "ती शिकतेय," हे आईला सांगता आलं, तर तेवढ्या शब्दांनी दोन वर्षं मिळतात. तुमच्या वर्गाने एवढं केलं तरी मी तो चालवावा म्हणेन.

तेव्हा चार मुलींवर वर्ग बंद करू नका. त्या चौघींपैकी मोठी जी असेल तिला हाताशी धरा. थोडं मानधन द्या, त्या ८० हजारांतून देता येईल. सुटलेल्या २७ जणींच्या घरी तुम्ही एकट्या जाऊ नका, तिला घेऊन जा. तुम्ही गेलात तर मुलगी सरळ बसून उत्तर देईल, ती गेली तर जिन्यात उभं राहून खरं बोलेल. "तुला काय आवडतं" असं विचारू नका, पंधराव्या वर्षी कुणालाही त्याचं उत्तर येत नाही. संध्याकाळी पाचला तू कुठे असतेस, पाणी कधी येतं, कुठल्या गल्लीतून यायला नको वाटतं, मोबाइलवर काल काय बघितलंस, असं विचारा. मोबाइलला तुम्ही नावं ठेवलीत, पण त्यात कुणी केकवर नक्षी काढताना बघते, कुणी ड्रोन कसा जोडतात ते बघते. त्यातून तुम्हाला पुढच्या वर्गाचे विषय सापडतील. आयांशी बोला, आणि वडिलांशीही बोला. त्यांना वगळून केलेलं टिकत नाही. पंचवीस-तीस वर्षं लेथवर काढलेले कितीतरी वडील किसननगरात असतील. मुलीला कारखान्यात घालायचं म्हटलं की तेच आधी नाही म्हणतात, कारण तिथलं वातावरण त्यांनी बघितलेलं असतं. त्यांच्या काळजीला उत्तर द्या, त्यांना गप्प करू नका. जानेवारीत मुलींना आणि चार-पाच वडिलांना सोबत घेऊन आयटीआय बघून या. प्राचार्यांना आधी पत्र द्या, वर्कशॉप चालू असेल अशी वेळ मागा. रिकामं वर्कशॉप बघून कुणाला काही वाटत नाही. निळा बॉयलर सूट घातलेली एखादी मुलगी बोर्डावर कनेक्शन करताना दिसली पाहिजे.

हे सगळं करण्याआधी या रविवारी एक काम करा. त्या मोटरवाल्या मुलीच्या घरी जा. "मी ओरडले, चुकले," असं तिला तिच्या आईसमोर सांगा. मग ती मोटर तिच्या पुढ्यात ठेवा. सोबत एक चांगला पेचकस, एक टेस्टर आणि कार्बनची नवी जोडी घेऊन जा, शिवणयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते, जुनी काढून नमुन्याला न्या. प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढं मात्र तिला आधी सांगा. मोटर चालू झाली की मला कळवा. नाही झाली तरी कळवा, मी येते.

तुमची,
बाई